औषधाचे खरे नाव कोणते?

घरातील औषधांचा डबा एकदा रिकामा करून पाहा. त्यात क्रोसिनची अर्धी स्ट्रिप निघेल, कॅल्पॉलची एखादी बाटली निघेल, डोलोच्या दोन-चार गोळ्याही सापडतील. घरातील मंडळी सांगतील, की ही आपली नेहमीची तापाची गोळी, हे लहान मुलांचे औषध आणि ही त्या दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली ‘जोरदार’ गोळी. प्रत्यक्षात या तिन्हींमधील मुख्य औषध एकच आहे. त्याचे नाव पॅरासिटामॉल. फरक असतो तो कंपनीचा, मात्रेचा आणि वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतील नावाचा.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. एक साधा हिशेब करून पाहू. अंगात ताप आहे म्हणून एखाद्या गृहस्थांनी दिवसातून चार वेळा ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी घेतली. हे झाले २६०० मिलिग्रॅम. सोबत नाक वाहते म्हणून दुकानातून सर्दीची गोळी आणली आणि ती तीन वेळा घेतली. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच. ते ५०० मिलिग्रॅम धरले, तर आणखी १५०० मिलिग्रॅम पोटात गेले. एकूण झाले ४१०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम मानली जाते. वजन कमी असलेल्या, दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली असते. ती वारंवार ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते. त्या गृहस्थांच्या मते मात्र त्यांनी ‘एक तापाची आणि एक सर्दीची’ अशी दोन वेगवेगळी औषधे घेतली होती!

म्हणूनच औषधांना नावे कशी मिळतात, हे समजून घेणे हा नुसता ज्ञानाचा विषय नाही. तो सुरक्षिततेचाही विषय आहे.

एक औषध, तीन नावे

प्रत्येक औषधाला साधारणपणे तीन नावे असतात.

पहिले रासायनिक नाव. औषधाच्या रेणूची रचना कशी आहे, हे ते सांगते. पॅरासिटामॉलचे रासायनिक नाव ‘एन-(४-हायड्रॉक्सिफेनिल) ॲसिटामाइड’ असे आहे. हे नाव रसायनशास्त्रज्ञांसाठी. रोजच्या व्यवहारात ते ना डॉक्टर वापरतात, ना केमिस्ट.

दुसरे जेनेरिक नाव. यालाच आपण मूळ नाव म्हणू. ‘पॅरासिटामॉल’ हे मूळ नाव. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसते. जगातील कोणीही डॉक्टर, कोणीही कारखानदार आणि कोणीही रुग्ण ते वापरू शकतो.

तिसरे व्यापारी नाव, म्हणजेच ब्रँड. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही व्यापारी नावे. ती त्या त्या कंपनीची मालमत्ता असते. दुसऱ्या कंपनीला ती वापरता येत नाहीत.

माणसाच्या बाबतीत आपण म्हणतो, घरचे नाव वेगळे आणि शाळेच्या दाखल्यावरचे वेगळे. औषधाच्या बाबतीत दाखल्यावरचे नाव म्हणजे मूळ नाव. अडचण अशी, की आपण सर्वजण औषधांना हाक मारतो ती मात्र कंपनीने ठेवलेल्या लाडक्या नावाने.

मूळ नावाचे बारसे

मूळ नाव ठरविण्याचे काम जागतिक आरोग्य संघटना करते. १९५० साली या संघटनेच्या आरोग्य सभेने तसा ठराव केला आणि अशा नावांची पहिली यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी एकच औषध निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी ओळखले जाई आणि परदेशातील शोधनिबंध वाचताना डॉक्टरांचीही फसगत होई.

पद्धत अशी आहे. नवे औषध शोधणारी कंपनी काही नावे सुचविते. संघटनेची तज्ज्ञ समिती ती तपासते. निवडलेले नाव आधी ‘प्रस्तावित’ म्हणून प्रसिद्ध होते. त्यावर हरकत घेण्यासाठी चार महिन्यांची मुदत असते. हरकत आली नाही, की ते नाव पक्के होते.

नाव ठेवताना काही पथ्ये पाळावी लागतात. ते उच्चारायला आणि लिहायला सोपे असावे. दुसऱ्या औषधाच्या नावाशी त्याचे साम्य नसावे. इंग्रजी अक्षरांतील ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ आणि ‘टीएच’ऐवजी ‘टी’ वापरावा, ‘एच’ आणि ‘के’ ही अक्षरे शक्यतो टाळावीत, म्हणजे निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांना उच्चाराची अडचण येणार नाही. आणखी एक महत्त्वाचे पथ्य असे, की नावावरून रुग्णाला रोगाचा किंवा शरीराच्या अवयवाचा बोध होऊ नये. औषधाचे नाव ऐकूनच रुग्णाने घाबरू नये, किंवा स्वतःच निदान करून औषध घेऊ नये, हा त्यामागचा हेतू.

सर्वांत उपयोगी नियम मात्र पुढचा आहे. एकाच प्रकारे काम करणाऱ्या औषधांच्या नावांत एक समान तुकडा ठेवायचा. हा तुकडा बहुधा नावाच्या शेवटी येतो. आडनावावरून घराणे कळावे, तसे शेपटावरून औषधाचे कुळ कळते.

कुळ कसे ओळखाल?

आपल्या भागात नेहमी दिली जाणारी काही औषधे घेऊ.

‘लोल’: अटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी. दम्याच्या रुग्णाने या कुळातील औषध घेण्यापूर्वी आपला दमा डॉक्टरांना अवश्य सांगावा. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलोल हेही याच कुळातले. थेंब डोळ्यांत घातले, तरी त्यांचा परिणाम छातीपर्यंत पोहोचू शकतो.

‘प्रिल’: एनालाप्रिल, रामिप्रिल. रक्तदाबासाठी. काही रुग्णांना या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. खोकल्याच्या बाटल्या संपवीत बसण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळीचे शेपूट पाहावे.

‘सार्टन’: लोसार्टन, टेल्मिसार्टन. हीदेखील रक्तदाबासाठी. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ ही दोन्ही कुळे गरोदरपणात वर्ज्य आहेत.

‘डिपिन’: ॲम्लोडिपिन, निफेडिपिन. रक्तदाबासाठी. काहींच्या पायांच्या घोट्यांवर सूज येते.

‘स्टॅटिन’: ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी.

‘प्राझोल’: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल. जठरातील आम्ल कमी करण्यासाठी.

‘सिलिन’: ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातील जंतुनाशके.

या शेवटच्या कुळाकडे नीट लक्ष द्या. काही लोकांना पेनिसिलिनची ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठतात, तोंड सुजते आणि क्वचित श्वास अडकून जिवावर बेतते. अशा माणसाला ‘पेनिसिलिन नको’ हे पाठ असते. पण त्याच्या हातात पडते मॉक्स, नोव्हामॉक्स किंवा ऑगमेंटिन. या व्यापारी नावांत ‘सिलिन’ कुठेच ऐकू येत नाही. या तिन्हींत ॲमॉक्सिसिलिन आहे, हे वेष्टनावरील मूळ नाव वाचल्यावरच कळते. दात काढायला गेलेल्या किंवा परगावी आजारी पडलेल्या माणसाची माहिती नव्या डॉक्टरांकडे नसते. तेथे ही एक ओळ वाचता येणे म्हणजे जीव वाचणे ठरू शकते.

मात्र शेपटावर आंधळा विश्वासही नको. निस्टॅटिन हे नाव ‘स्टॅटिन’ने संपते, पण त्याचा कोलेस्टेरॉलशी काही संबंध नाही. ते बुरशीच्या संसर्गावरचे औषध आहे. ॲरिपिप्राझोल हे आम्लपित्ताचे औषध वाटते, पण ते आहे मानसिक आजारावरचे. शेपूट पाहून कुळाचा अंदाज बांधावा आणि खात्री डॉक्टरांकडून किंवा केमिस्टकडून करून घ्यावी.

काही नावांच्या जन्मकथा

मूळ नावे रुक्ष असतात, असे वाटणे साहजिक आहे. पण काहींच्या मागे मजेदार कथा आहेत.

‘पॅरासिटामॉल’ हे नाव त्याच्या जुन्या रासायनिक नावातूनच आले. ‘पॅरा-ॲसिटिल-अमायनो-फिनॉल’ यातील तुकडे जोडले, की पॅरासिटामॉल तयार होते. अमेरिकेत याच रसायनाच्या नावातील दुसरे तुकडे उचलले गेले आणि तेथे ते ‘ॲसिटॅमिनोफेन’ झाले.

वर उल्लेख केलेले निस्टॅटिन १९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन संशोधक स्त्रियांनी शोधले. ‘न्यूयॉर्क स्टेट’ यावरून ‘निस्टॅटिन’.

रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या वॉरफेरिनची कथा आणखी विलक्षण आहे. सडलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावत, त्याचा शोध घेता घेता हे रसायन हाती आले. १९४८ पासून ते उंदीर मारण्यासाठी वापरात आले आणि पुढे १९५४ साली माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. ज्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन संस्थेने या संशोधनाला पैसा पुरविला, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘वॉरफ’ आले.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनचा पूर्वज इटलीतील मिलान येथील प्रयोगशाळेत १९५७ साली सापडला. त्या काळी ‘रिफिफी’ नावाचा फ्रेंच चित्रपट गाजत होता. शास्त्रज्ञांनी आपल्या नव्या द्रव्याला गमतीने तेच नाव दिले आणि त्याचे ‘रिफ’ कायमचे चिकटले.

आणि आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीचे काय? १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या काळात बुरशीवरचे एक औषध शोधले. कारखान्याच्या नावातील ‘एच’ आणि ‘ए’ या अक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘हॅमायसिन’. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव तर ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असेच ठेवले गेले. पिंपरीचे नाव असे जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात जाऊन बसले आहे.

व्यापारी नावांचा बाजार

व्यापारी नावाचा हेतू वेगळा असतो. ते डॉक्टरांच्या आणि ग्राहकांच्या लक्षात राहावे, चटकन लिहिता यावे आणि दुसऱ्या कंपनीला घेता येऊ नये, एवढे कंपनीला हवे असते. त्यासाठी निरनिराळ्या युक्त्या योजतात. कोणी कंपनीचे आणि औषधाचे नाव जोडते, जसे सिप्ला कंपनीचे सिप्रोफ्लॉक्सासिन ते ‘सिप्लॉक्स’. कोणी औषधाचा गुण सांगते. लघवी वाढविणाऱ्या ‘लॅसिक्स’ या गोळीचा परिणाम सुमारे सहा तास टिकतो, त्यावरून हे नाव इंग्रजीत तयार झाल्याचे सांगतात. कोणी थेट रोगाचेच नाव घेते. जे मूळ नावात निषिद्ध, ते व्यापारी नावात सर्रास चालते.

आपल्या देशात एकाच औषधाची इतकी व्यापारी नावे का, याचेही कारण आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले आणि केवळ ते तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. त्यामुळे भारतीय कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवू लागल्या. औषधे स्वस्त झाली, हा त्याचा मोठाच फायदा. पण प्रत्येक कंपनीने आपापले नाव ठेवल्याने नावांचे रान माजले. २००५ पासून रेणूवर पुन्हा पेटंट मिळू लागले, तरी जुन्या औषधांच्या नावांची गर्दी तशीच राहिली. या गर्दीला आवर घालण्याचा विचार १९७५ साली हाथी समितीने मांडला होता. व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून मूळ नावे आणावीत, अशी तिची शिफारस होती. ती पूर्णपणे अमलात आली नाही.

नावांच्या गर्दीत सारखी नावे येणारच. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दोन्ही औषधे फाल्सिपेरम जातीच्या घातक मलेरियासाठी आणि दोन्ही नावे त्या रोगाच्या नावावरून घेतलेली. पण आतील औषधे वेगळी होती. एकात आर्टेसुनेट होते आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ सालच्या निकालात न्यायालयाने सांगितले, की इतर मालाच्या नावांपेक्षा औषधांच्या नावांबाबत अधिक कडक कसोटी लावली पाहिजे, कारण येथे घोटाळा झाला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. पुढे २०१९ साली नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार आपले नवे व्यापारी नाव बाजारातील दुसऱ्या औषधाच्या नावासारखे नाही, असे हमीपत्र कंपनीला द्यावे लागते.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत आम्लपित्तावरील ‘लोसेक’ आणि लघवीची गोळी ‘लॅसिक्स’ यांत गल्लत होऊ लागली, म्हणून १९९० साली लोसेकचे नाव बदलून ‘प्रिलोसेक’ करावे लागले.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांनी तर मूळ नावांची यादी जवळ ठेवावीच. तेथे क्रोसिन म्हटले तर कोणाला कळणार नाही आणि पॅरासिटामॉल म्हटले तरी औषध ‘ॲसिटॅमिनोफेन’ या नावाने समोर येईल. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल तेथे ‘अल्ब्युटेरॉल’ असते आणि मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड तेथे ‘ग्लायब्युराइड’ असते. डॉक्टर आणि औषधविक्रेते या जोड्या ओळखतात. व्यापारी नावावरून मात्र त्यांनाही उलगडा होणार नाही.

स्ट्रिप कशी वाचावी?

भारतातील नियमानुसार वेष्टनावर मूळ नाव छापणे बंधनकारक आहे. २०१८ पासून ते व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असावे, असा नियम आहे. मूळ नावापुढे इंग्रजीत ‘आय.पी.’ ही अक्षरे दिसतात. याचा अर्थ, भारतीय औषधसंहितेत ठरवून दिलेल्या कसोट्यांनुसार ते औषध तयार केलेले असले पाहिजे. त्याखाली ‘प्रत्येक गोळीत’ अशा अर्थाची ओळ आणि घटकांची मात्रा असते. मिश्र औषध असेल तर सर्व घटक तेथेच सापडतात. उदाहरणार्थ, कॉम्बिफ्लॅमच्या गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशी दोन औषधे आहेत, हे ही ओळ वाचली तरच कळते. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोडही आला आहे. मोबाइलने तो पाहिला, की मूळ नाव, उत्पादक, बॅच आणि मुदत कळते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मूळ नाव लिहावे, ते सुवाच्य असावे आणि शक्यतो मोठ्या लिपीत असावे, असे वैद्यक परिषदेच्या नियमात २०१६ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने यासाठी अधिक कडक नियम काढले, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देण्यात आली. औषधाचा दर्जा सर्वत्र सारखा असेल याची खात्री आधी द्या, असे डॉक्टरांच्या संघटनांचे म्हणणे होते. ही शंका अगदीच गैरलागू नाही. पण दर्जाची तपासणी सरकारने कडक करणे हा त्यावरचा उपाय आहे. रुग्णाने मूळ नावाविषयी अज्ञानात राहणे हा उपाय नव्हे.

वाचकांनी एवढे करावे

१. घरातील प्रत्येकाच्या नेहमीच्या गोळ्यांची यादी एका कागदावर करावी. आधी मूळ नाव, मग मात्रा, मग व्यापारी नाव लिहावे. वाचता येत नसेल तर केमिस्टकडून लिहून घ्यावी.

२. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना हा कागद सोबत न्यावा. ‘बी.पी.ची पांढरी गोळी’ आणि ‘शुगरची छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाही औषध ओळखता येत नाही.

३. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर मूळ नावे ताडून पाहावीत. मधुमेहावरील ग्लिमेपिराइड दोन वेगळ्या नावांनी दोनदा पोटात गेले, तर साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. एकच नाव दोन्हीकडे दिसले, तर लगेच डॉक्टरांना विचारावे.

४. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर त्याचे मूळ नाव पाठ करावे आणि कागदावर ठळक लिहून ठेवावे.

५. स्ट्रिप कापताना मूळ नाव आणि मुदत असलेला भाग शेवटपर्यंत जपावा. सुट्या गोळ्या नाव नसलेल्या पुडीत ठेवू नयेत.

६. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे औषध दिले, तर मूळ नाव आणि मात्रा तीच आहे का ते पाहावे. जनऔषधी दुकानांत औषधे मूळ नावानेच मिळतात, तेव्हा तेथे मूळ नाव माहीत असणे खिशालाही लाभदायक आहे. मात्र फीट येण्याचा आजार, थायरॉइड आणि रक्त पातळ करण्याची औषधे यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. या औषधांत मात्रेतील थोडासा फरकही महत्त्वाचा ठरतो.

व्यापारी नावे येतील आणि जातील. कंपन्या विकल्या जातील, वेष्टनांचे रंग बदलतील. मूळ नाव मात्र तेच राहील. आज संध्याकाळी औषधांचा डबा काढावा, चश्मा लावावा आणि कागद-पेन घेऊन बसावे. अर्ध्या तासाचे काम आहे.